गळाच्या डब्यातला फोटो

हे कोणी खरं मानणार नाही. नका मानू. पण देवीलालच्या तेरवीला, भर दुपारी, सगळ्या तांड्यासमक्ष, दहा वर्षं लागलेली एक कडी मी माशाच्या गळानं उघडली. हात लावला नाही, लाथ मारली नाही. नुसता गळ टाकून बसलो.

तांड्यातली शेंबडी पोरंसुद्धा मला फोकनाड्या रामलाल म्हणतात, आणि मी त्याबद्दल त्यांना गोळ्या वाटतो. देवीलाल माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं त्यानं फोटो काढले आणि चाळीस वर्षं मी त्याच्या मागून कॅमेऱ्याचा स्टँड आणि गुंडाळलेला पडदा वाहिला. पडद्यावर तळं होतं, तळ्यात दोन हंस होते, आणि आर्णीपासून बोरी अरबपर्यंतची अर्धी जोडपी त्या तळ्याकाठी उभी राहिलेली आहेत. एका हंसाची मान पावसात धुऊन गेली होती. देवीलाल बरोबर तिथंच नवरीला उभी करायचा.

तेरवीला माणसं सकाळपासून येत होती, आणि येताना आपापल्या घरचे फोटो काढून आणत होती. कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीवरून उतरवायचे, पदरानं धूळ पुसायची, पिशवीत घालायचे आणि निघायचं. मांडवाच्या कडेला देवीलालच्या हारातल्या फोटोशेजारी त्यांची रांगच लागली. भीमसिंगनं बापाचा आणला होता. त्याचा बाप मेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तशा वेळी देवीलालला बोलावणं यायचं. मेलेल्याला खाटेवर टेकवून बसवायचं, पागोटं घालायचं, फोटो काढायचा; आणि मग अंधाऱ्या खोलीत, उदबत्ती लावून, देवीलाल पेन्सिलीनं त्याचे मिटलेले डोळे उघडायचा. आधी हात जोडायचा. "माफ कर बावा, तुले इचारल्याबिगर डोळे उघडून राह्यलो." चाळीस वर्षांत किती डोळे उघडले, त्याचा हिशोब सेवालाल महाराजांकडेच असेल.

सोनीबाई तर फोटो छातीशी धरूनच बसली होती. तिचा नवरा लग्नानंतर सहा महिन्यांत गेला. दोघांचा एकत्र फोटो नव्हता. देवीलालनं त्याचा एक घेतला, तिचा एक घेतला, ब्लेडनं कापले, डिंकानं शेजारी शेजारी चिकटवले, कडांवरून पेन्सिल फिरवली आणि शेवटी दोघांच्या पायाखाली मिळून एक सावली काढली. "सावली एक झाली का माणसं एक होते," असं तो म्हणायचा. मग त्या चिकटवलेल्या कागदाचाच कॅमेऱ्यानं पुन्हा फोटो घ्यायचा. त्याला कॉपी म्हणायचं. कॉपी निघाली की कड बोटाला लागत नाही, जोड कोणाच्या बापाला दिसत नाही.

"माहा संसार देवीलालनं जोडला," सोनीबाई म्हणाली. "सहा महिन्याचा होता, त्यानं चाळीस वर्षाचा करून देल्ला."

मला शांतता मानवत नाही. म्हणून मी त्या माशाची गोष्ट काढली, ज्याच्या पोटात देवीलालला तीन वर्षांपूर्वी तळ्यात पडलेलं कॅमेऱ्याचं झाकण सापडलं होतं.

"काका, मांगच्या बारीनं दोन वर्ष होते," मागून कोणीतरी म्हणालं.

"मासा वाढते तसे वर्षबी वाढते बाबू," मी म्हणालो. माणसं हसली, मग डोळे पुसले. देवीलाल तळ्यावर बसला की पहिला मासा महाराजांच्या नावानं पाण्यात सोडायचा. कधी कधी दिवसभरात तो पहिलाच मासा लागायचा. तोही सोडायचा आणि मोकळ्या हातानं घरी यायचा. मंगळवारी तर गळाला हातच नाही. सांगायला असं बरंच होतं, पण तेवढ्यात लिंबाखाली मोटारसायकल थांबली.

नयन, त्याच्या पुढ्यात टाकीवर बसलेली दहा वर्षांची पोर, आणि मागे वर्षा. देवीलालची मुलगी.

तिनं या नयनशी, बोरीच्या सदाशिवरावांच्या मुलाशी, म्हणजे कुणब्याच्या घरात लग्न केलं ती हकीकत तांड्याला पाठ आहे, पुन्हा उगाळत नाही. त्यानंतर देवीलालनं तिचं नाव तोंडातून काढलं नाही. लग्नानंतर वर्षभरानं ती दोन महिन्यांची पोर काखेत घेऊन दारात आली, तेव्हा दार लावलं गेलं. आता ती पुन्हा त्याच दारात उभी होती, आणि दारात शाम होता. थोरला. देवीलालचे डोळे अधू झाल्यापासून दारव्ह्याचा स्टुडिओ तोच चालवतो.

"कायले आली?"

"बापू गेले म्हणून आली, भिया."

"बापूले जाऊन तेरा दिवस झाले."

"त्या दिवशीबी आलती. फाट्यावरून वापस गेली. तू म्हणे बबलूले म्हणलं होतं, तिले येऊ देऊ नको."

शामनं मागे वळून बबलूकडे पाहिलं. धाकटा बबलू पाण्याचा ड्रम उगाचच हलवत होता.

"ठीक आहे. आली तं आली," शाम म्हणाला. "पंगत बसन तवा जेव. सारं गाव जेवून राह्यलं, तूबी जेव. पण भोगाले हात लावाचा नाही."

"मी गाव आहे का, भिया?"

शाम बाजूला झाला नाही, आणि ती वळली नाही. मी एवढा बोलका माणूस, पण मधून वाट काढून आत जायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या बंजाऱ्यांत भोग म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो. गोवऱ्यांचे निखारे करायचे, त्यावर लापशी ठेवायची, आणि रक्ताच्या माणसांनी एकेक करून गेलेल्याच्या नावानं तूप सोडायचं. ज्योत उठली म्हणजे पोचलं. ज्यानं तूप सोडलं तो त्याचा. ज्याला सोडू दिलं नाही, तो कोणाचाच नाही. बारा वाजता निखारे तयार होणार होते. अकरा वाजून गेले होते.

आत भुरीबाई, देवीलालची बायको, बसली होती. तिच्या मनात मी आता शिरणार आहे. मला परवानगी लागत नाही, खोटारड्याला तेवढी सवलत असते. ती नवऱ्याचा विचार करत नव्हती. तेरा दिवस तोच करून झाला होता. ती बाहेरून येणारा लेकीचा आवाज ऐकत होती. हा आवाज ती दहा वर्षं रोज संध्याकाळी बबलूच्या मोबाइलवर, गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला ऐकत आली होती. नवऱ्याला कळू दिलं नव्हतं. आणि आज तो नसताना लाजेनं तिची मान खाली होती, कारण आयुष्यभर ज्याच्यापासून काही लपवलं नाही, त्याच्यापासून तिनं लेक लपवली होती.

"याडी, तू सांग भियाले," बबलू आत येऊन म्हणाला. आमच्यात आईला याडी म्हणतात.

"माह्यं कोण ऐकते?"

"तं मी सांगतो." तो बाहेर गेला आणि एकदम भडकलाच. "भिया, ती बापूची पोरगी आहे! तुह्या एकट्याचा बाप होता का?"

"तू बोलूच नको. चोरून फोन लावून देत होता, मले समजत नाही का?"

"चोर तं तू मले मांगच म्हणलं होतं! बोरीच्या शाळेचा एक फोटो कमी भरला तवा. आठ दिवस बोलला नाही माह्यासंग."

"बत्तीस मोजून आणले होते मी घरी. एकतीस भरले. तू सोडून कोण शिवते त्या पाकिटाले?"

"मी कायले घेऊ कोणाच्या पोराचा फोटो?"

हे भांडण मागच्या वर्षीचं, पण घरातली भांडणं शिळी होत नाहीत, नुसती झाकून ठेवलेली असतात. बोरीच्या शाळेनं चौथीच्या प्रत्येक पोराचा उभा फोटो काढायला शामला बोलावलं होतं. बोरीत कोण राहतं, हे शामला माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच त्यानं मास्तरांना सांगितलं होतं, नावं पुकारू नका, नुसते नंबर सांगा. कॅमेऱ्यातून त्यानं बत्तीस नंबर पाहिले. चेहरा एकही पाहिला नाही.

उत्तमसिंग तांड्याचा नायक. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यानं घसा साफ केला. "मले इचारता तं सांगतो. गेलेल्याचा शब्द थोरल्या पोराजवळ राहते. शाम म्हणन तसं."

"मंग ऐका," शाम म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या दिवशी दार लावायले बापू सोता नाही उठले. मले म्हणे, जाय, लाव. बबल्या कॉलेजात होता. याडी चुलीजवळ. मी होतो. हिच्या काखेत पोट्टी होती, रडून राह्यली होती, आन मी कडी लावली. आता तुम्ही म्हणता, उघड. कोणाच्या शब्दानं उघडू? दहा वर्षात बापूनं मले एक बार म्हणलं नाही, शाम, कडी काढ. म्हणलं असतं तं धावत गेलो असतो."

वर्षानं पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. तिला वाटत आलं होतं की कडी त्यानं आपल्या मनानं लावली. ती दहा वर्षं बापावर नाही, याच्यावर रागावली होती. आता तिला कळलं की हा माणूसही त्याच दाराशी उभा आहे, फक्त आतल्या बाजूनं. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ती लिंबाकडे परत निघाली.

तेव्हा मी उठलो.

"थांब वं छोरी," मी म्हणालो. "आन शाम, तूबी थांब. निखारे होईपर्यंत मी घरून येतो."

माझं घर चार घरं सोडून. जायच्या चार दिवस आधी देवीलालनं मला बोलावलं होतं. बोलायला त्रास व्हायचा. खाटेखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढायला लावला. "राम्या, गळ तुले. पहिला मासा सोडत जाय." एवढंच. मी दहा दिवस तो डबा उघडला नाही. अकराव्या दिवशी उघडला. आकडे, शिशाचे तुकडे, दोरीची गुंडी, आणि सगळ्याच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक फोटो.

तो फोटो घेऊन मी मांडवात आलो आणि नायकाच्या हातात दिला.

"पाय उत्तमसिंग. मोठ्यानं सांग काय दिसते."

नायकानं चष्मा लावला. "देवीलाल आहे. पाण्याच्या काठी बसेल आहे, हातात गळ. आन बाजूले एक पोट्टी उभी आहे. शाळेच्या ड्रेसवर."

"कोणाची पोट्टी?"

नायकानं लिंबाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "हेच तं आहे."

मांडवात कुजबुज झाली. मग मी गोष्ट सांगितली. मी सांगितलं, की देवीलाल आपल्या तळ्यावर जातो म्हणून निघायचा आणि महिन्यातल्या एका बुधवारी दारव्ह्याहून काळीपिवळीत बसून बोरीला जायचा, अडाण नदीवर. शाळा सुटली की ही पोर तिथं यायची. नात आजोबाला गांडूळ शोधून द्यायची. एकदा तर ती म्हणाली, नाना, पहिला मासा मी सोडते, आणि त्यानं सोडू दिला. मी सांगितलं, की हा फोटो मीच काढला, बटण मीच दाबलं, आणि देवीलालनं मला महाराजांची आण घातली होती, की तो असेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. आता तो नाही, आण सुटली. नदीला पाणी किती होतं, पलीकडच्या काठावर कोणाची म्हैस होती, तेही सांगितलं. मला थांबता येत नाही.

"खरं का वं?" नायकानं वर्षाला विचारलं.

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. पोर बापाजवळ लिंबाखाली होती, ऐकू येणार नाही एवढ्या लांब. वर्षा हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. मान खाली घातली.

आणि तेव्हा एक असं झालं, जे माझ्या गोष्टीत नव्हतं. भुरीबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. सत्तर वर्षांत या बाईनं दुधात पाणी घातलं नाही, खोटी शपथ घेतली नाही.

"मले सांगतलं होतं त्यायनं," ती म्हणाली. "बोरीले जाऊन राह्यलो म्हणून."

"माह्या गाडीवरबी गेलते एकडाव," बबलू लगेच म्हणाला. त्याच्याजवळ तेव्हा गाडीच नव्हती.

सोनीबाई फोटो सावरत पुढे आली. "मीबी पायलं. काळीपिवळीत बसतांना."

अरे बाप्पा! मी एकटा खोटं बोलायला उठलो होतो, अर्धा तांडा माझ्या मागे उभा राहिला. नायकाच्या मिशीतही काहीतरी हललं. एकटा शाम तसाच होता. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. कारण माझी गोष्ट खरी असेल, तर बापानं लेकीला माफ केलं, नातीला मांडीवर घेतलं, सगळ्यांना सांगितलं आणि ज्याच्याकडून कडी लावून घेतली, त्या एकट्याला तेवढं सांगितलं नाही. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गळ टाकताना आपण पाणी पाहतो. आकडा कोणाच्या तोंडात जाईल ते कुठं दिसतं?

"आना इकडं," शाम म्हणाला.

नायकानं फोटो दिला. शामनं तो हातात घेतला, आणि त्याचा अंगठा आपोआप पोरीच्या खांद्यावरून खाली गेला. तिथं थांबला. पुन्हा वर गेला. तो मांडवातून बाहेर उन्हात आला, फोटो तिरपा धरला, डोळ्याजवळ नेला. दहा वर्षांचा असताना बापाच्या गुडघ्याशी बसून तो हे काम शिकला होता. खूप वेळ त्यानं मान वर केली नाही. निखारे पांढरे पडत आले. कोणीतरी म्हणालं, बारा वाजले.

"ए पोरी," शामनं हाक मारली. "इकडं ये."

नयननं तिला खाली उतरवलं. ती आली आणि दोन हातांवर थबकली. डोळे बारीक करून तिनं त्याला न्याहाळलं. नाक भुरीबाईचं, अगदी तसंच, शेंड्याशी जरा बसकं. मी मोजून सांगतो, मांडवातल्या प्रत्येकानं ते तेव्हा पाहिलं.

"तुम्ही फोटोवाले काका ना?" ती म्हणाली. "आमच्या शाळेत आलते."

"हो."

"तुम्ही म्हणलं, सोळा नंबर, मान सरळ कर."

"मंग काहून नाही केली?"

"केली होती. तुम्ही पायलंच नाही. तसंच बटन दाबलं."

शाम गुडघ्यावर बसला. फोटोतल्या पोरीची मान डावीकडे जराशी कललेली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कॅमेऱ्यामागून एकदा जे पाहायचं राहिलं होतं ते आता सावकाश पाहून घेतलं. मग उठला. लापशीच्या ताटाजवळची तुपाची वाटी घेतली, पळी बुडवली. आधी वर्षाचा हात धरला आणि पळी तिच्या हातात दिली, मग पोरीचा हात त्यावर ठेवला. तूप पडलं. ज्योत उठली ती माझ्या कमरेएवढी. बरं, गुडघ्याएवढी.

भुरीबाई मोठ्यानं रडली, तेरा दिवसांत पहिल्यांदा. उत्तमसिंगनं महाराजांचा जयकार केला. मी पदरात पडलेलं पुण्य सावरून हळूच पंगतीकडे सरकत होतो, तेवढ्यात मागून शामचा हात खांद्यावर पडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. दुसऱ्या हातात फोटो होता. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलला.

"रामलाल काका, खोटं! सारं खोटं! बापू बोरीले कधी गेलेच नाही. ही नदी नाही, आपलं तळं आहे. या पोट्टीले त्यायनं एक दिवस पायलं नाही. हा जोड आहे काका, हे पाय, कड बोटाले लागून राह्यली, कॉपीबी नाही काढली. तो कमी भरलेला बत्तीसावा फोटो आहे हा. घरात बसून, डोळ्याले दिसत नसतांना, ब्लेडनं कापलं त्यायनं तिले, अन दोघाईची सावली एक केली. माह्या फोटोतून, काका! माह्या!"